दुसऱ्याचे कान

१९०२ साली कलकत्त्यास गौहरजान या विख्यात गायिकेचे गाणे तबकडीवर उतरविले गेले. भल्या मोठ्या कर्ण्यापुढे तोंड नेऊन मोठ्याने गायचे आणि सुमारे तीन मिनिटांत गाणे आटोपायचे, अशी तेव्हाची रीत होती. कोणाला बोलवावे, काय मुद्रित करावे, हे कंपनीचा माणूस ठरवी. पुढे कर्ण्याच्या जागी मायक्रोफोन आला, तबकडीच्या जागी कॅसेट आली. हा ठरविणारा माणूस मात्र आपल्या जागी कायम राहिला. संगीत-निर्माता तो हाच.

सोलापूर जिल्ह्याने महाराष्ट्राला मोठे गळे दिले. सोलापूरचे शाहीर राम जोशी, बार्शीचे अमर शेख, मंगळवेढ्याचे प्रल्हाद शिंदे. राम जोशी यांचा आवाज कसा होता, हे आज कोणीच सांगू शकत नाही. प्रल्हाद शिंदे यांचा खडा आवाज मात्र तबकड्यांनी व कॅसेटींनी घरोघर नेला. २००४ साली ते निवर्तले, तरी तो अजून ऐकू येतो. पण मुंबईतल्या कंपनीच्या दारापर्यंत न पोहोचलेले असे आणखी किती गळे असतील!

आता ते दार ओलांडावेच लागत नाही. मायक्रोफोन आणि संगणक, किंवा नुसता मोबाईल, एवढ्यावर गायक आपले गाणे घरीच मुद्रित करतो. खोलीत आवाज घुमत असेल, तर भिंतींवर जाड सोलापुरी चादरी टांगाव्या. घुमणे पुष्कळ कमी होते. (शेजारच्या यंत्रमागाची धडधड मात्र चादरींना अडविता येत नाही. त्यासाठी माग थांबण्याचीच वाट पाहावी लागते!) तीन मिनिटांचे बंधन तर केव्हाच गेले. भजनी मंडळाने अभंग रंगेल तितका वेळ गावा. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

मग निर्मात्याची गरज संपली, असे पुष्कळ जण म्हणतात. मला ते पटत नाही. निर्माता द्वारपाल होता. ते काम गेले, हे बरेच झाले. पण तो श्रोताही होता. मुलांनो, आपलाच मुद्रित आवाज प्रथम ऐकताना तो तुम्हांला परका वाटला असेल. आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, इतरांना तो केवळ हवेतून. म्हणून हा फरक. शिवाय तेच गाणे वीस वेळा म्हटले, की चूक कानाला सवयीची होते. भजनात गाणारा घाईला आला, तर टाळकरी त्याला न बोलता आवरतात. घरी एकट्याने गाणाऱ्याला कोण आवरणार?

सूर नीट करणारी यंत्रे निघाली आहेत खरी. पण लोकगायक एखादा सूर मुद्दाम लववतो, हे यंत्राला उमगत नाही. नीट न जुळविल्यास ते तोही सरळ करून टाकते, आणि गाण्यातला मंगळवेढा निघून जातो. कोणता सूर सुधारावा आणि कोणता तसाच ठेवावा, हे सांगायला जाणता माणूसच हवा.

निर्माता आता हेच काम करू लागला आहे. गायक बार्शीहून आपला आवाज पाठवितो. निर्माता पुण्यात बसून त्याला ढोलकीची जोड देतो, कोठे काय उणे आहे ते कळवितो. पूर्वी गायक त्याच्या दारी उभा असे. आता गायक पैसे देतो आणि निर्माता काम करतो. पैसे देणाऱ्याला ‘हे पुन्हा गा’ असे तोंडावर सांगणारे निर्माते किती निघतील, याची मला खरी काळजी वाटते.