आधी खळ्यात, मग समुद्रात

आपलं कसाल मुंबई-गोवा महामार्गावर. इथून मालवणचा रस्ता फुटतो आणि तीस-पस्तीस किलोमीटरवर समुद्र लागतो. पर्यटकांच्या गाड्या रोज आपल्या दारावरून तिकडे जातात. पण मैत्रिणींनो, खरं सांगा, आपल्यापैकी कितीजणी समुद्रात गुडघ्याच्या वर उतरल्या आहेत? मुंबईचे पाहुणे आले की त्यांना किनारा दाखवायचा, साडीचा काठ सांभाळत पाय भिजवायचे, शहाळं प्यायचं आणि रात्रीच्या भाकऱ्यांसाठी परत फिरायचं. समुद्र आपला म्हणायचा, पण त्यात खेळायचं मात्र दुसऱ्यांनी!

म्हणूनच माझ्या कॉलेजात जाणाऱ्या भाचीने सर्फिंगचा ध्यास घेतला, तेव्हा मला बरं वाटलं. सर्फिंग म्हणजे फळीवर उभं राहून लाटेबरोबर किनाऱ्याकडे घसरत येणं. तिने खळ्यात रांगोळीने फळी आखली आणि रोज सकाळी सराव सुरू केला. ‘गो बाय, ह्या काय करतंस?’ म्हणत शेजारच्या काकी हसल्या. आजी म्हणाली, ‘जमिनीवर पोहून कुणाला पोहता आलंय?’ आजींचा प्रश्न काही खोटा नाही. त्याचं उत्तर नीट द्यायला हवं.

या खेळातला सगळ्यात अवघड क्षण असतो पालथं पडलेल्या अवस्थेतून एका झटक्यात उभं राहण्याचा. पाण्यात त्यासाठी दोन-तीन सेकंदच मिळतात. विचार करायला वेळ नसतो, म्हणून ती हालचाल अंगवळणी पडलेली असावी लागते. ती कोरड्या जमिनीवर शिकता येते आणि जगभरच्या सर्फिंग शाळांत पहिला धडा वाळूवरच होतो. सात-आठ फूट लांब आणि दोन फूट रुंद फळी आखा. पालथ्या झोपा, तळवे छातीच्या बरगड्यांशेजारी टेकवा, नजर समोर. हातांनी अंग उचला आणि पुढचा पाय सरळ दोन हातांच्या मध्ये आणा, मागचा पाय आडवा. गुडघे वाकलेले, हात सैल. आधी गुडघ्यावर बसून मग उठायची सवय लावू नका. पायांकडेही बघू नका. नजर खाली गेली की तोल गेलाच म्हणून समजा. कुठला पाय पुढे ठेवायचा? कुणाला तरी मागून हलकेच ढकलायला सांगा. सावरायला जो पाय आपोआप पुढे पडेल, बहुधा तोच. दहा-दहा वेळा, पण सलवार किंवा ट्रॅकपँट घालून. ज्यांना गुडघ्याचं, मनगटाचं, पाठीचं दुखणं आहे किंवा दिवस गेले आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. आणि पाइपवर फळी ठेवून तोल साधायचे प्रयोग तर नकोतच. कंबरेचं हाड मोडलं तर घर कोण बघणार, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

‘दिवसभर घरात वाकतोच की, आणखी व्यायाम कशाला?’ असंही कुणी म्हणेल. पण धुण्या-केरात आपण एकाच बाजूने वाकतो, तेही दुसऱ्यांसाठी. ही पंधरा मिनिटं स्वतःची असतात. दोन्हींत फरक आहे.

आता आजींच्या प्रश्नाची दुसरी बाजू. जमीन तुम्हाला लाट ओळखायला शिकवत नाही, पडायला शिकवत नाही आणि पोहायला तर नाहीच नाही. खळ्यात शंभर वेळा उभी राहिलेली मुलगी पोहता येत नसेल तर फळी घेऊन पाण्यात जाता कामा नये. पोहणं आधी, तेही माहितगार माणसाच्या नजरेखाली. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला, ते आपण विसरलेलो नाही. पाण्याने आत ओढलं तर ओढीच्या विरुद्ध झगडू नये. तरंगत राहावं, मदतीसाठी हात वर करावा आणि जमेल तेव्हा किनाऱ्याला समांतर पोहत ओढीतून बाजूला व्हावं. किनाऱ्याच्या जिल्ह्यातल्या प्रत्येक मुलीला एवढं तरी ठाऊक असायला हवं.

हा खेळ बायकांचा नाही असं म्हणणाऱ्यांना सांगा, ज्या हवाई बेटांवर तो रुजला, तिथे पूर्वीपासून बायकाही लाटांवर स्वार होत. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सर्फिंग पहिल्यांदा आलं आणि महिलांचं सुवर्णपदक हवाईच्याच करिसा मूरने जिंकलं. आपल्याकडे मुंबईची इशिता मालवीय २००७ मध्ये मणिपालला शिकत असताना सर्फिंग शिकली आणि देशातली पहिली व्यावसायिक महिला सर्फर म्हणून ओळखली गेली. इतकं लांब कशाला? आपल्या वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ बचत गटाच्या बायकांनी २०१७ मध्ये कांदळवन सफारी सुरू केली. वल्हं हातात घेतलं आणि खाडीतून पाहुणे फिरवले.

मला महत्त्वाचं वाटतं ते हेच. मालवणात पाण्यावरचे धंदे वाढले, पण बोट चालवणारे, डायव्हिंग शिकवणारे बहुतेक पुरुष. बायका मागे खानावळीत मासे तळताना दिसतात. त्या कामाला मी कमी लेखत नाही. पण पाण्यावरची मिळकत आपल्या मुलींना नको का? त्यासाठी तालुक्यात मुलींसाठी पोहण्याचा वर्ग हवा, वेगळी वेळ हवी, शिकवायला बाई हवी. ग्रामसभेत हे मागायला काय हरकत आहे? ‘काळी पडशील, लोक काय म्हणतील’ हे ऐकवायचंही आपणच थांबवायला हवं.

घरातल्या घरात सराव करण्याचा एक फायदा आहे, बघणारे नसतात. पण तोच धोकाही आहे. ‘हौस घरीच भागव’ म्हणून मुलीला खळ्यातच थांबवणं फार सोपं. खळं ही पायरी आहे, मुक्काम नाही. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, तेव्हा घरी भरपूर सराव होऊ द्या. नारळीपौर्णिमा होऊन समुद्र निवळला की मात्र मुलीला पोहायला शिकवायला न्या. आणि तुम्हीही उतरा, गुडघ्याच्या थोडं वर.