डायलिसिसच्या आधीची तपासणी

जिल्हा रुग्णालयांतील मोफत डायलिसिसचे आम्ही स्वागत करतो. पण सरकारने तेवढ्यावर थांबणे आम्हाला मान्य नाही. आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी सुमारे चार तास यंत्राला जोडलेला रुग्ण आणि सोबतचा नातेवाईक, दोघांचीही मजुरी बुडते. एसटीने गाव गाठेपर्यंत अंधार पडतो. उपचार फुकट होतात आणि घर मात्र कर्जात जाते.

मूत्रपिंडे निकामी होण्यामागे मुख्यतः मधुमेह आणि उच्च रक्तदाब असतो. पायांवर सूज येईपर्यंत दुखणे बहुधा कळतच नाही. लघवीतील अल्ब्युमिन, रक्तातील क्रिएटिनिन वेळीच तपासले, तर औषधे आणि पथ्य यांनी डायलिसिस बरीच वर्षे लांबवता येते. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात मधुमेह आणि उच्च रक्तदाबाच्या रुग्णांची ही तपासणी दरवर्षी, न चुकता आणि मोफत झालीच पाहिजे.