पत्रिकेवरचं अक्षर

लग्नाची तारीख ठरली की घरात पत्रिकेचा विषय निघतो. कागद कोणता, सोनेरी छपाई किती, यावर तासभर वाद होतो. अक्षराकडे मात्र कुणी फारसं बघत नाही. आपल्याकडच्या पत्रिकेत बहुधा वर बिस्मिल्लाह अरबीत, नावं उर्दूत आणि बाकी मजकूर मराठीत असतो. एकाच कागदावर तीन वळणं!

अरबीसाठी नस्ख चांगलं. ते सरळ रेषेवर बसतं आणि जेर-जबर स्वच्छ दाखवतं. उर्दूचं खरं रूप नस्तालीक. हे वळण इराणात घडलं. त्यातला शब्द उजवीकडे वर सुरू होतो आणि डावीकडे उतरत खाली टेकतो. शेजारचं अक्षर बदललं की आकारही बदलतो, त्यामुळे खिळ्यांच्या छपाईला ते कधी नीट जमलं नाही. उर्दू वर्तमानपत्रं कितीतरी वर्षं कातिबांच्या हातून लिहून घेतली जात. १९८१ च्या सुमारास कराचीच्या मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइप कंपनीबरोबर ‘नूरी नस्तालीक’ हा फॉन्ट घडवला. त्यासाठी सुमारे २० हजार जोडाकृती लिहाव्या लागल्या. ‘नूरी’ हे नाव त्यांनी वडील नूर अहमद यांच्यावरून ठेवलं. आज गुगलचा ‘नोटो नस्तालीक उर्दू’ फुकट मिळतो, त्यामुळे ‘फॉन्टच नाही’ ही प्रेसवाल्याची सबब ऐकून घेऊ नका.

खरी अडचण पुढे असते. डिझाइनच्या प्रोग्रॅममध्ये उजवीकडून लिहिण्याची सोय सुरू नसेल, तर अक्षरं सुटी पडतात आणि शब्द उलटा लागतो. उर्दू न वाचणाऱ्या कारागिराला ते नक्षीसारखंच छान दिसतं. नुक्त्याचंही तेच. ‘रहीम’मधल्या ‘हे’खाली सजावटीचा एक ठिपका चुकून पडला, तर ‘रजीम’ वाचलं जातं, आणि तो शब्द आपण शैतानासाठी वापरतो! बिस्मिल्लाहभोवती वेलबुट्टी, ठिपके आणि चमकी भरायची हौस असलेल्यांनी हे ध्यानात ठेवावं.

नस्तालीकला वरखाली जागा लागते. ओळी दाबल्या तर एकीचे नुक्ते दुसरीत घुसतात. मराठी अक्षर शिरोरेषेला लटकतं, नस्तालीक तिरकं उतरतं. म्हणून दोन्ही एका ओळीत कोंबू नका, वेगळ्या ओळी द्या. वळणदार अक्षर नावांपुरतं ठेवा. पत्ता, वेळ, फोन नंबर साध्या ठळक अक्षरात हवेत, कारण चष्मा विसरून आलेल्या नानीलाही वलीम्याचा हॉल सापडला पाहिजे. आणि जागा भरायची म्हणून अक्षर आडवं ताणू नका. कलमाची जाड-बारीक रेघ त्यात बिघडते.

कुरआनची आयत छापण्याबद्दल माझं मत थोडं कडक आहे. समारंभ झाला की पत्रिका कुठे जाते, हे आपण सगळे जाणतो. तिथे आयत नकोच. बाकी उर्दू-अरबी मजकुराचा छापील नमुना हातात घ्या, मोबाइलवरच्या फोटोवर भागवू नका, आणि मोहल्ल्यातल्या उर्दू शिक्षकांकडून किंवा हाफिजसाहेबांकडून एकेक नुक्ता तपासून घेतल्यावरच छपाईला होकार द्या.