कडेगाव सांगताना पुसेसावळीही सांगा

मोहरम आला की कडेगावच्या ताबुतांचे फोटो आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर फिरू लागतात. शंभर फुटांहून उंच बांबूचे ताबूत, त्यातले कित्येक हिंदू घराण्यांच्या मानाचे, आणि चौकात होणाऱ्या त्यांच्या भेटी. सांगली जिल्ह्यातल्या या गावाचा मलाही अभिमान आहे.

पण कडेगावहून तासाभराच्या आत, सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात पुसेसावळी आहे. मुलूख एकच, बोली एकच. तिथे १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री समाजमाध्यमावरच्या आक्षेपार्ह मजकुराचे निमित्त झाले. जमावाने मशिदीवर हल्ला केला, जाळपोळ झाली. मशिदीत असलेला एक तरुण मारला गेला.

मी वर्गात एकोप्यावर निबंध देतो, तेव्हा मुले कडेगाव लिहितात. एकदा एका मुलीने हळूच विचारले, "सर, पुसेसावळीपण लिहिलं तर मार्क कमी होतील का?" मी म्हणालो, "नाही बेटा, दोन्ही लिही."

आपण मोठी माणसे मात्र एकच लिहितो. कुणी फक्त ताबूत दाखवतो, कुणी फक्त जळालेली दुकाने. ताबूत उभा करायला दोन्ही समाजांचे हात अनेक दिवस एकत्र राबतात. तशी ओळख वर्षभर, गावोगावी हवी. भडक मजकूर मोबाइलवर आला, तर तो पुढे पाठवण्याआधी शेजारच्या आळीतल्या माणसाला फोन करता आला पाहिजे. तुमच्याकडे असा एक तरी नंबर आहे का?