डिपॉझिट गेलं, पाणंद बाकी आहे



काल जिल्ह्याला जाऊन निवडणुकीचा हिशेब देऊन आलो. निकाल लागल्यापासून ३० दिवसांच्या आत प्रत्येक उमेदवाराला खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. पडलेल्यालाही. विधानसभेला खर्चाची मर्यादा ४० लाख. माझा आकडा ८६ हजार. टेबलावरच्या साहेबांनी रजिस्टर चाळलं आणि विचारलं, "एवढाच खर्च?" म्हणलं, "साहेब, एवढ्यातच घरच्यांचं बोलणं खाल्लंय."

या पेजवर मी फवारणी, बियाणं, बाजारभाव असं लिहीत आलो. आता चार लोक विचारतात, कशाला उभा राहिला होतास, काय मिळालं? एकदाच सगळं लिहून टाकतो.

ऑक्टोबरात सोयाबीनची रास झाली. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये होता, मला बाजारात मिळाले ४,१०० च्या आसपास. खरेदी केंद्रावर १२ टक्क्यांच्या वर ओलावा चालत नव्हता आणि माझा माल १४ दाखवत होता. त्या दिवशी गटातली पोरं म्हणाली, "दादा, दरवर्षी नुसतं बोलतोस. फॉर्म भर." २२ ते २९ ऑक्टोबर अर्ज भरायची मुदत. अनामत १० हजार, म्हणजे माझं अडीच क्विंटल सोयाबीन. बायको म्हणाली, "अहो, पोरीच्या फीचे आहेत ते." तिचं खोटं नव्हतं. तरी भरले.

मान्यताप्राप्त पक्षाच्या माणसाला एक सूचक पुरतो. अपक्षाला मतदारसंघातले १० मतदार सूचक म्हणून लागतात. ते दहा जण गोळा करताना जी दमछाक झाली, तिच्याविषयी खाली लिहितो. तोच या पोस्टचा खरा मुद्दा आहे.

आमचं पत्रक एका पानाचं. त्यात तीन शब्द दिले होते. मतासाठी पैसा, दारू, जेवण नाही. कुठल्याही जातीच्या बंद बैठकीला जायचं नाही, आपल्याही नाही. रोजचा खर्च रात्री पेजवर टाकायचा. आणि तीन कामं लिहिली होती, सोयाबीन खरेदी, जळालेल्या डीपी आणि पाणंद रस्ते.

पहिल्या आठवड्यात कळलं की लोक आमदाराला काय समजतात. कुणी नालीचं सांगायचं, कुणी घरकुलाचं, कुणी पोराच्या बदलीचं. एका गावात म्हातारी म्हणाली, "बाबा, निवडून आला तर माझा पगार चालू कर." निराधारचे पैसे चार महिन्यांपासून अडकले होते. मी म्हणलं, "मावशी, त्याला मी निवडून यायची गरज नाही, उद्याच तहसीलला जाऊ." गेलो. बँकेत आधारची अडचण होती, ती निघाली. पण सोबतची पोरं चिडली. "असं लगेच करून दिल्यावर मत कोण देईल? निकालानंतर करतो म्हणायचं असतं."

इथंच आपलं घोडं पेंड खातंय, असं माझं मत आहे. नाली ग्रामपंचायतीची. डीपी महावितरणची. पाणंद कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५, तहसीलदाराकडे अर्ज करायचा. अडथळा काढायचा अधिकार त्याला आहे. बांधावरून नवा रस्ता पाहिजे असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम १४३. हे सगळं कागदावर आहे. पण आपण ते हक्क म्हणून मागत नाही, आमदाराची मेहरबानी म्हणून मागतो. मग आमदारही मेहरबानीच वाटत फिरतो. लग्नाला येतो, मयतीला येतो, हायमास्ट लावतो. सभागृहात काय बोलला, हे विचारायला आपल्याला सवड नसते.

मग आमदाराचं काम काय? ओलाव्याची अट दिल्लीत ठरते, खरं आहे. पण खरेदी केंद्रं कधी उघडली, किती उघडली, बारदाना होता का, हे राज्याच्या यंत्रणेचं काम. त्यावर तारांकित प्रश्न टाकता येतो, लक्षवेधी लावता येते. मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं आणि ते उत्तर नोंदीत राहतं. मतदानाच्या पाच दिवस आधी, १५ नोव्हेंबरला, केंद्रानं ओलाव्याची अट १५ टक्क्यांपर्यंत सैल केली. म्हणजे करता येत होती. पण तोवर माझ्यासारख्यांचा माल व्यापाऱ्याच्या गोदामात गेलेला. हा प्रश्न राशीच्या आधी कुणीतरी लावून धरायला पाहिजे होता.

आणि सभागृहात फक्त प्रश्नच विचारता येतात असं नाही. १९७२ च्या दुष्काळात आपल्याकडे रोजगार हमीची कामं निघाली. सांगली जिल्ह्यातल्या विसापूरचे वि. स. पागे त्या कल्पनेचे जनक, विधान परिषदेचे सभापती होते. १९७७ ला त्याचा कायदा झाला. काम मागणाऱ्याला काम द्यायचं, हे सरकारवर बंधन आलं. २००५ ला दिल्लीनं देशासाठी तसाच कायदा केला. माझी आजी त्या दुष्काळात खडी फोडायला जायची. कायद्याआधी ती मजुरी सरकारच्या मर्जीवर होती, कायद्यानंतर तो हक्क झाला. आमदारानं करायचं काम ते हे. सभामंडपाच्या कोनशिलेवर नाव टाकणं त्यापुढं लई बारकं आहे.

हे मी सभेत बोललो. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मतं दुसरीकडं दिली. २३ तारखेला कळलं, माझा आकडा कसाबसा चार अंकी झाला. वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त पडावी लागतात, नाहीतर अनामत जप्त. झाली.

आता सूचकांची गोष्ट. हिशेबाच्या रजिस्टरमध्ये ती लिहायची सोय नाही, म्हणून इथं लिहितो.

माझ्या दहा सूचकांपैकी एक आमच्याच शिवारातले. लांबच्या नात्यातले काका. सही द्यायला कुणी तयार नव्हतं तेव्हा स्वतः मोटारसायकल काढून आले. आणि याच काकांनी तीन वर्षांपूर्वी आमच्याकडची पाणंद नांगरून घेतलीय. नकाशावर रस्ता आहे, जागेवर तूर आहे. पलीकडच्या सहा जणांना बैलगाडी न्यायला वाट नाही. पावसाळ्यात माल डोक्यावर आणतात.

मी गावोगाव पाणंदीवर बोलत फिरलो. कलम सांगत फिरलो. आमच्या गावच्या सभेत मात्र पाणंदीचा विषय आला तसा मी तो दोन वाक्यांत संपवला. समोर काका बसले होते. मागं ते सहा जण उभे होते. त्यातल्या एकानं माझ्याकडं पाहिलं आणि निघून गेला. पैसे वाटले नाहीत, जातीच्या बैठकीला गेलो नाही, याचा मला मोठा अभिमान होता. पण त्या दिवशी एका सहीसाठी मी तेच केलं जे मोठे पुढारी करतात. आपल्या माणसाचं झाकलं.

निकालानंतर आठ दिवसांनी त्या सहा जणांकडं मी स्वतः गेलो. अर्ज लिहून दिला, नकाशाची नक्कल काढायला सोबत गेलो. आधी काकांना सांगून आलो, की काका, मी हे करतोय. ते म्हणाले, "सही दिली त्याचे पांग फेडलेस का?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. आता ते बोलत नाहीत. घरात आईसुद्धा नाराज आहे, म्हणते निवडणूक गेली ती गेली, नातं कशाला घालवलंस. अर्ज दाखल झालाय, पाहणीची तारीख यायचीय. रस्ता मोकळा होईल का, सांगता येत नाही.

पण एवढं नक्की सांगतो. ज्याला पुढच्या वेळी उभं राहायचंय, त्यानं झेंडा आणि गाडी नंतर बघावी. आधी आपल्या शिवारातली एक अडलेली गोष्ट कायद्यानं सोडवून दाखवावी, आणि ती शक्यतो आपल्याच माणसाविरुद्धची असावी. ते जमलं तर भाषणाची गरज पडत नाही. नाही जमलं तर विधानसभेत जाऊनही आपण तिथं असंच गप्प बसणार. आणि मतदारांनो, तुम्हीही उमेदवाराला नालीचं विचारू नका. गेल्या पाच वर्षांत सभागृहात किती प्रश्न विचारले आणि त्याचं उत्तर काय आलं, हे विचारा. कुठल्याही पक्षाचा असो.

सांगोल्याचे गणपतराव देशमुख ११ वेळा आमदार झाले, पण मधे दोनदा पडलेही होते, १९७२ ला आणि १९९५ ला. त्यांच्याशी माझी बरोबरी नाही. पडल्यावरही माणूस कामाला लागू शकतो, एवढंच त्यातून घेतो.

पोरीची फी तुरीवर ढकललीय. शेंगा बऱ्या भरल्यात. हरभरा फुलावर येतोय, घाटे अळीसाठी कामगंध सापळे उद्या लावतो. त्याचे फोटो संध्याकाळी टाकीन. आणि पाहणीची तारीख आली की तीही टाकीन, निकाल काहीही लागो.