मालगाडीची वाट पाहताना

आपल्या घरातील एखादे मूल मालगाडी दिसताच डबे मोजू लागत असेल, मोबाइलवर तिचे चित्रण करू पाहत असेल, तर त्यास रिकामटेकडे समजू नका. प्रवासी गाडीचे वेळापत्रक कोणासही मिळते. मालगाडी मात्र मार्ग मोकळा होईल तेव्हा येते. तिच्या नादी लागलेल्यास ताटकळणे आपोआप जमू लागते, आणि हल्लीच्या मुलांना (थोरांनाही) नेमके तेच जड जाते.

हा छंद पाहायचा तर लोकलने शेवटच्या स्थानकापर्यंत, कसाऱ्यास जावे. तेथून इगतपुरीपर्यंत थळ घाट. ३७ मीटर पुढे सरकले की रूळ एक मीटर वर चढतो. जड गाडीस मागून रेटण्यासाठी कसाऱ्यास जादा इंजिने जोडतात; त्यांस रेल्वेच्या भाषेत ‘बँकर’ म्हणतात. कोळशाची भरलेली गाडी सहसा ५८-५९ वाघिणींची असते. वाघीण हा शब्द ऐकून नातवंडे हसतात, तेवढ्यावरून आजोबांच्या गप्पा सुरू होतात. ‘बीसीएन’ लिहिलेल्या बंद वाघिणीत धान्य, सिमेंट वा खत, ‘बीटीपीएन’ म्हणजे तेलाची टाकी, हे मूल दोन फेऱ्यांत शिकते. कोकण रेल्वेवर तर १९९९ पासून भरलेले ट्रकच गाडीवर चढवून नेतात. कोलाडास ते दृश्य पाहण्याजोगे असते.

आता काळजीचे. उभ्या वाघिणीवर छायाचित्रासाठी चढलेली मुले दगावल्याच्या बातम्या वारंवार वाचनात येतात. वरच्या तारेत २५,००० व्होल्टचा प्रवाह असतो. तारेस हात लागावाच लागतो असे नाही. पुरेसे जवळ गेले तरी वीज हवेतून झेप घेते. पादचारी पुलावरून सेल्फीची काठी खाली धरणेही तितकेच घातक. असा अपघात दिसल्यास जखमीस हात लावू नका. आधी स्टेशनमास्तरांना किंवा १३९ या क्रमांकावर कळवा. वीज बंद झाल्याची खात्री मिळेपर्यंत जवळ जाणारा दुसरा बळी ठरतो.

दुसरा धोका पडद्याचा. मोबाइलच्या रुंद कोनाच्या भिंगातून येणारी गाडी आहे त्याहून दूर भासते. विजेचे इंजिन फारसा आवाज करीत नाही, आणि समोरच्या गाडीच्या खडखडाटात मागच्या रुळावरची गाडी ऐकूही येत नाही. म्हणून रुळांच्या कडेला नव्हे, फलाटावर कडेच्या पट्टीच्या बरेच आत उभे राहावे, आणि चित्रणापूर्वी स्टेशनमास्तरांना विचारावे. रुळांत विनापरवाना शिरणे हा १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हाही आहे. लहानग्यांचे कान भोंग्याच्या वेळी झाकावेत.

माझ्या मते पहिल्या दोन-तीन फेऱ्यांना मोबाइल पिशवीतच असावा. वही, पेन्सिल, टोपी आणि पाणी पुरे. गाडी सुखरूप, पूर्ण आली हे स्थानकावरील कर्मचाऱ्यांस कळावे म्हणून शेवटच्या डब्यामागे ‘एलव्ही’ अक्षरांची पाटी लावतात. मुलास ती शोधावयास सांगा. ती नजरेआड होईपर्यंत आणि दुसऱ्या रुळाकडे पाहून होईपर्यंत कोणीही जागचे हलायचे नाही, एवढे घरून निघतानाच ठरवून घ्या.