विश्लेषण : जुना लॅपटॉप भंगारात कशाला? विंडोजशेजारी लिनक्सलाही जागा द्या!

नांदेड-लातूरच्या अनेक घरांत सात-आठ वर्षांपूर्वी घेतलेला एक लॅपटॉप अजून चालू आहे. थोरल्याच्या इंजिनीअरिंगसाठी घेतला, मग धाकटीच्या ऑनलाइन तासांना कामी आला, आता परीक्षेचे अर्ज आणि शिष्यवृत्तीचे फॉर्म त्यावरच भरले जातात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला आणि असे लॅपटॉप अडचणीत आले. दुकानात विचारले तर उत्तर एकच मिळते : एक्स्चेंजमध्ये द्या, नवा घ्या. ते उत्तर घाईचे आहे. बहुतेक घरांसाठी त्यापेक्षा स्वस्त आणि शहाणा मार्ग आहे.

नेमकी अडचण काय?

विंडोज १० बंद पडलेले नाही, पण त्याला नियमित मिळणारी सुरक्षा अपडेट थांबली. घरगुती ग्राहकांसाठी कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सोय जाहीर केली, पण ती फक्त मुदतवाढ आहे. अपडेट नसलेल्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करणे म्हणजे दार लोटून, कडी न लावता झोपणे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा. त्यामुळे २०१७ च्या आधीचे बहुतेक लॅपटॉप धडधाकट असूनही अधिकृतपणे बाद ठरतात. काही जण चोरीचे विंडोज टाकून घेतात. पण कुलूप तोडणाऱ्या त्या फुकट फायलींबरोबर व्हायरस येण्याचा धोका मोठा असतो.

‘ड्युअल बूट’ म्हणजे काय?

एकाच हार्ड डिस्कचे दोन भाग करून एका भागात विंडोज तसेच ठेवायचे आणि दुसऱ्यात लिनक्स बसवायचे, याला ड्युअल बूट म्हणतात. एका वाड्यात दोन बिऱ्हाडे, तसेच हे. लॅपटॉप सुरू करताना ‘ग्रब’ नावाची यादी पडद्यावर येते आणि कोणती प्रणाली हवी ते निवडता येते. एका वेळी एकच प्रणाली चालते, त्यामुळे यंत्रावर दुप्पट भार पडत नाही. लिनक्सचा गाभा १९९१ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने लिहिला. आज तुमच्या हातातील अँड्रॉइड फोनही त्याच गाभ्यावर चालतो. नवख्या माणसाला लिनक्स मिंट सोपे पडते. त्याला किमान २ जीबी रॅम लागते, ४ जीबी असेल तर उत्तम.

मग विंडोज पुसूनच का टाकू नये?

लिनक्सचे उत्साही पुरस्कर्ते हा सल्ला देतात, पण आपल्या भागात तो अनेकांना महागात पडेल. सेवा केंद्र चालवणाऱ्याची अंगठ्याची मशीन आणि डिजिटल स्वाक्षरीची टोकन बहुधा विंडोज गृहीत धरूनच बनवलेली असतात. टॅलीवर हिशेब ठेवणारा आडत दुकानदार, टायपिंग परीक्षेचा सराव करणारी मुले आणि पेन ड्राइव्हवर क्लासचे व्हिडिओ घेतलेले लातूरचे ‘नीट’चे विद्यार्थी यांची सॉफ्टवेअरही बहुतेक विंडोजवरचीच. या कामांसाठी विंडोज राहू द्यावे आणि ते शक्यतो इंटरनेटशिवाय वापरावे. ब्राउझिंग, बँक, ईमेल, अर्ज, लेखन ही रोजची कामे लिनक्सवर न्यावीत. वाटणीचा खरा फायदा हाच आहे.

विष्णुपुरीच्या इंजिनीअरिंग महाविद्यालयात किंवा लातूरच्या तंत्रनिकेतनात शिकणाऱ्यांना आणखी एक लाभ आहे. सी, पायथन, डेटाबेस ही साधने लिनक्सवर मोफत मिळतात. जगातले बहुसंख्य सर्व्हर लिनक्सवरच चालतात, त्यामुळे नोकरीत ते शिकावे लागणारच आहे.

बसवताना काय सांभाळावे?

पहिली गोष्ट म्हणजे बॅकअप. डिस्कचे भाग पाडताना चूक झाली तर लग्नाचे फोटो आणि प्रमाणपत्रे एका क्षणात जातात. सगळे आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावे. दुसरी गोष्ट वीज. वळवाच्या पावसात वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरी बहुधा दहा मिनिटेही टिकत नाही. हे काम इन्व्हर्टरवरच करावे. तिसरी गोष्ट डेटा. मिंटची फाइल सुमारे ३ जीबीची असते. रोज दीड जीबीच्या पॅकमध्ये ती एका दिवसात उतरत नाही, म्हणून महाविद्यालयाचे किंवा अभ्यासिकेचे वाय-फाय वापरावे.

त्यानंतर ८ जीबीचा पेन ड्राइव्ह ‘रुफस’सारख्या मोफत साधनाने बूट होण्याजोगा करावा. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे, बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी आणि ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून किमान ४०-५० जीबी जागा मोकळी करावी. पेन ड्राइव्हवरून लिनक्स आधी नुसते चालवून पाहता येते, डिस्कला हातही लागत नाही. वाय-फाय, आवाज, कॅमेरा चालतो का ते तिथेच तपासावे. वाय-फाय चालले नाही, तर पुढे जाण्याआधी जाणकाराला विचारावे. सगळे ठीक असेल तरच ‘विंडोजसोबत बसवा’ हा पर्याय निवडावा. ‘डिस्क पुसा’ हा पर्याय चुकूनही दाबू नये.

नंतर विंडोजचे घड्याळ साडेपाच तास चुकलेले दिसले तर घाबरू नये. दोन प्रणाली वेळ वेगळ्या रीतीने नोंदवतात, एका आज्ञेत ते दुरुस्त होते. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर ग्रबची यादी गायब होऊ शकते. ऑगस्ट २०२४ मध्ये अनेकांना असा फटका बसला होता. म्हणून तो पेन ड्राइव्ह पुसू नये, जपून ठेवावा.

मराठीचे काय?

युनिकोड मराठी लिनक्सवर व्यवस्थित चालते. इनस्क्रिप्ट कळफलक त्यात असतोच, रोमन अक्षरांतून मराठी टाइप करण्याची सोयही जोडता येते. अडचण येते ती जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधील फायलींची. त्या विंडोजमध्येच उघडून युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात. शिकण्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स आणि लिब्रे ऑफिसचे धडे मराठी आवाजात मोफत आहेत.

हे एकट्याने करायचे का?

इथेच खरी उणीव आहे. केरळने सरकारी शाळांत मुक्त सॉफ्टवेअर रुजवले. तमिळनाडूने २०११ मध्ये सुरू केलेल्या मोफत लॅपटॉप योजनेत विंडोजबरोबर सी-डॅकचे ‘बॉस’ लिनक्स दिले. मराठवाड्यात मात्र संगणक शिक्षण म्हणजे विंडोज आणि ऑफिस, हेच समीकरण पक्के झाले. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने आणि दोन्ही जिल्ह्यांतील अभियांत्रिकी महाविद्यालयांनी महिन्यातून एक रविवार ‘जुना लॅपटॉप घेऊन या’ असे शिबिर भरवले, तर विद्यार्थ्यांना हाताला काम मिळेल आणि गावाकडच्या पालकांचा नव्या लॅपटॉपचा खर्च दोन-चार वर्षे तरी पुढे ढकलला जाईल. शिबिराला लागते ते एवढेच : काही पेन ड्राइव्ह, बॅकअपसाठी एक मोठी डिस्क, इन्व्हर्टर असलेली खोली आणि ज्यांना हे येते अशी चार मुले. ही मुले प्रत्येक महाविद्यालयात आजही आहेत. त्यांना खोली आणि परवानगी देणारे कोणी पुढे यायला हवे.